एका ओळीतली वाडी

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी सारोळ्याच्या पुलाअलीकडे, एका होऊ घातलेल्या हॉटेलच्या प्लॉटवर टेपचं एक टोक धरून उभी होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा, आनंदचा. "वैशूताई, गेली गं आपली..." एवढंच तो म्हणाला, आणि पुढं नुसता दवाखान्यातल्या माणसांचा आवाज येत राहिला. कावीळ झाली होती. उतरेल, आज उतरेल, उद्या उतरेल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. प्लॉटच्या मालकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. टेपच्या दुसऱ्या टोकाकडून ते विचारत होते, "मॅडम, पार्किंग कुठं धरायचं?" आणि मी त्यांना पार्किंग कुठं धरायचं ते नीट सांगितलं. ट्रक आत आला तर कसा वळेल, तेही सांगितलं. मग टेप गुंडाळला, रस्त्याकडेच्या टपरीवर जाऊन बसले, चहा मागवला आणि तो समोर आल्यावर मला रडू फुटलं. सुजाता तिथं असती तर म्हणाली असती, "आधी काम उरकून मग रडलीस, बरोबर केलंस. उत्रोलीची ना तू." आम्हा भातवाल्या माणसांना भावना कळत नाहीत, चिखल तेवढा कळतो, असं तिचं ठाम मत होतं.

त्याला आता दोन महिने होत आले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत तिच्यावर लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मला नकाशे काढता येतात, माणसं काढता येत नाहीत. पण आमच्या भागात आता बारावी झालेली मुलं-मुली विचारायला लागली आहेत, की नगर नियोजनाची पदवी घेऊन पुढं काय करतात. त्यांना मी जे काही सांगते, ते सगळं सुजाताचंच असतं. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

आम्ही दोघी एकाच वर्गात होतो, पण ओळख झाली ती वर्गात नाही, शनिवारच्या भोर एसटीत. ती खुद्द भोरमधली, वडील एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे गाडीत कुठली सीट कमी आपटते हे तिला पाठ. पुढच्या चाकामागची खिडकी ती धरायची आणि दुसऱ्या जागेवर माझ्यासाठी पिशवी ठेवायची. घरी गेलं की दोघींना एकच प्रश्न, तू शिकतेस ते काय आहे? आमच्या अण्णांना मी तीन वर्षं समजावत होते. ते म्हणायचे, "तू घर बांधनार न्हाईस, रस्ता बांधनार न्हाईस, मंग करनार काय?" मी म्हटलं, घर कुठं यावं आणि रस्ता कुठून जावा ते ठरवणार. यावर अण्णा शांतपणे म्हणाले, "ते तर हितं समदेच ठरिवत्यात." हे मी एसटीत सुजाताला सांगितलं तर ती इतकी हसली की कंडक्टरनं मागं वळून बघितलं.

शेवटच्या वर्षी कंपन्या आल्या. वर्गातली बहुतेक मुंबईला गेली, काही दिल्लीकडं. आम्हा दोघींना पुण्यातल्याच एका सल्लागार कंपनीत नोकरी लागली, आणि घरच्यांना प्रथमच वाटलं की चला, पदवीला काहीतरी अर्थ असावा. काम काय, तर दूरच्या कुठल्यातरी गावाचा विकास आराखडा. गाव आम्ही पाहिलेलं नाही, पाहण्याची शक्यता नाही. उपग्रहाच्या चित्रावर राहण्याला पिवळा, दुकानांना निळा, मोकळ्याला हिरवा, असे रंग भरत बसायचं. एके दिवशी एका उतारावरच्या पट्ट्याला पिवळा रंग द्यायचा होता. सुजातानं साहेबांना विचारलं, "सर, पावसात इथं काय असतं?" साहेब म्हणाले, "पावसातली इमेज अव्हेलेबल नाहीये." उत्तर चुकीचं नव्हतं. पण सुजाता त्या दिवसापासून त्या खुर्चीत नीट बसली नाही. महिन्याभरात तिनं मला खाली चहाला नेलं आणि म्हणाली, "वैशे, भोरला ऑफिस काढूया."

मला वाटलं, हिला उन्हाचा त्रास झालाय. मी म्हटलं, भोरला शहर आहे कुठं नियोजन करायला? ती म्हणाली, "नाही म्हणूनच. शहर झाल्यावर जायचं म्हणजे वरातीमागून घोडं." मला पटलं नव्हतं. तरी मी गेले, कारण तिच्याशिवाय त्या पिवळ्या रंगात बसणं मला जमलं नसतं. हे तिला मी कधी सांगितलं नाही, आणि तिला ते माहीत होतं.

एसटी स्टँडच्या मागं, खत-बियाणांच्या दुकानावरची खोली आम्ही घेतली. युरियाचा वास जिन्यातूनच सुरू व्हायचा. पाटी लावली, तर पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचं नियोजन करून घ्यायला आले. दुसरे आले ते दोन मुलांत जमीन कशी वाटावी हे विचारायला, आणि सुजातानं त्यांना चहा पाजून, ऐकून घेऊन, मग वकिलाकडं पाठवलं. खरं काम मिळालं ते प्लॉटिंगचं. वेल्ह्याकडच्या डोंगरउतारांवर पुण्याच्या लोकांना घरं हवी होती, खिडकीतून तोरणा दिसायला हवा होता. आमचं पोट त्यावर चाललं, ते मी नाकारत नाही. पण सुजाता ओढ्यावर प्लॉट पाडायची नाही. एक एजंट तिला समजावत होते, "मॅडम, ओढ्याला पाणी असतं किती? चारच महिने." ती म्हणाली, "मग उरलेले आठ महिने विका प्लॉट." ते पुन्हा आले नाहीत. असे पुन्हा न येणारे पुष्कळ झाले. एकदा मी वैतागून म्हटलं, अगं, दोन वर्षं झाली, आपण आखलेल्या एका तरी जागेत कुणी माणूस राहतंय का? ते तिला लागलं होतं.

मग ती वाडी आली. वेल्ह्याच्या पुढं... तालुक्याचं नाव आता कागदावर राजगड झालंय, पण बसमध्ये तिकीट मागताना अजून वेल्हेच तोंडात येतं. तिथून वर, डोंगराच्या कुशीत ही लहानशी वाडी. एका मोठ्या पावसात वरच्या कड्याला भेगा गेल्या आणि तेव्हापासून दर आषाढात माणसं खालच्या शाळेत झोपायला यायची. रस्त्याजवळ गायरानाचा एक उताराचा तुकडा मिळाला, एक देणगीदार संस्था घरं बांधून द्यायला तयार झाली. फक्त घरं कशी बसवायची याचा नकाशा हवा होता. एवढ्याशा कामाला मोठ्या कंपन्या कशाला हात लावतात? ते आमच्याकडं आलं. सुजातानं त्या दिवशी खाली जाऊन स्वतः पेढे आणले.

जुनी वाडी बघायला गेलो तेव्हा ती बराच वेळ सगळ्यांत खालच्या घरांपाशी उभी होती. कदम आणि मोरे अशा दोन भावक्यांची घरं वर, आणि अगदी तळाला दोन बौद्धांची घरं. एक हिराबाईंचं, एक त्यांच्या दिराचं. वरच्या सगळ्या न्हाण्यांचं, गोठ्यांचं पाणी त्यांच्या दारावरून जायचं. हिराबाईंनी अंगणात पाय ठेवायला दगड मांडले होते. साठीच्या बाई, भांडण-तंटा नाही, आम्हाला बसायला घोंगडी टाकली आणि कोरा चहा दिला. उतरताना सुजाता म्हणाली, "आमच्या आजीचं गावातलं घर असंच होतं, वैशे. जमीन बारा महिने ओली. ती म्हणायची, माझे गुडघे त्या जमिनीनं नेले." थोडं चालून पुन्हा म्हणाली, "नव्या वाडीत कुणाचंही घर खाली नको. बाकी सगळं चुकलं तरी चालेल मला." आपण स्वतः बौद्ध आहोत म्हणून असं वाटतंय का, हेही तिनं स्वतःला विचारून पाहिलं असणार. पण ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

पहिला नकाशा आम्ही कॉलेजात शिकवतात तसाच काढला. उतारावर एकाखाली एक सरळ ओळी, मधून गल्ल्या, आणि मध्यभागी देऊळ. जुन्या वाडीच्या डोक्यावर देवीचं देऊळ होतं, तेही खाली आणू, लोकांना बरं वाटेल, असा आमचा चांगुलपणा. शाळेच्या पडवीत बैठक झाली. देवीची पूजा बघणारे धोंडूआबा वाडीतले सर्वांत वडीलधारे, त्यांनी नकाशावर हात फिरवून "झ्याक हाय" म्हटलं आणि घरं वाटायला घेतली. वरच्या ओळी कदमांच्या, मधल्या मोऱ्यांच्या. "आन हिराबाईचं खालच्या वळीला. पयल्यापास्नं हाय तसं." यात राग नव्हता, हेटाळणी नव्हती. उद्या बाजार आहे असं सांगावं तसं ते म्हणाले.

सुजातानं चिठ्ठ्या टाकायचं सुचवलं. आबा म्हणाले, "चिठ्ठीनं भावकी फुटती, मॅडम." ती पाण्याबद्दल बोलली, रोगराईबद्दल बोलली, पडवीतली माणसं ऐकून घेत होती आणि कुणी हलत नव्हतं. शेवटी कोपऱ्यातून हिराबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, पोरी. आमाला सवय हाय. पक्कं घर मिळतंय, तेवढं बास."

परतताना स्कूटरवर नसरापूरपर्यंत आलो. तिथं पेट्रोलला थांबलो तेव्हा सुजाता म्हणाली, "त्यांनी नुसतं नाव घातलं गं. खालची ओळ काढली मीच." मी म्हटलं, उताराची जमीन आहे, कुणीतरी खाली असणारच. ती म्हणाली, "असणारच, असं आपण कधीपासून म्हणायला लागलो?" पण नकाशा मंजूर झाला होता. संस्थेला पावसाच्या आत पाया घालायचा होता. आता बदल करायचाय असं कुठल्या तोंडानं सांगायचं, हा प्रश्न होता. ती दोन-तीन दिवस ऑफिसात नुसती पेन्सिलीला टोक काढत बसली.

आणि मग आबांचा फोन आला. "मॅडम, आई न्हाई म्हनती."

आमच्याकडच्या डोंगरी गावांत कुठलंही मोठं काम काढायचं तर देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या हातानं दोन्ही बाजूंनी फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वाडी हलवायची म्हणून आईला, म्हणजे देवीला, कौल लावला होता आणि डावी पडली होती. संस्थेचे साहेब आमच्याबरोबर आले, ते तावातावानं बोलत होते, कड्याला भेगा आहेत आणि ही माणसं फुलं बघतायत. त्यांचं खोटं नव्हतं. सुजाता देवळाच्या पायरीशी उभी राहिली. ती आत जात नसे, हात जोडत नसे, आणि त्याचं अवडंबरही करत नसे. तिनं आबांना बाहेर बोलावून विचारलं, "आबा, आईला नेमकं काय विचारलं तुम्ही?"

आबा म्हणाले, "इचारलं, आई, आमच्यासंगं खाली येतीस का."

"आणि तुम्ही खाली जावं का, हे?"

"ते कसं इचारनार? ती आली तर आमी जानार."

सुजाता म्हणाली, "म्हणजे चूक माझी. आईचं घर मी तिला न विचारता नकाशात घातलं. तिला वरच राहायचं असेल तर राहू दे, ते मी नकाशातून पुसते. पण आबा, मधलं देऊळ काढलं की बाकीचं जागेवर राहत नाही. नकाशा पहिल्यापासून करावा लागेल." आबांनी मान डोलावली. संस्थेचे साहेब "करा, पण लवकर करा" म्हणाले. आता खरं सांगायचं तर देऊळ पुसून तिथं एक वडाचं झाड दाखवलं असतं तरी भागलं असतं. मला ते ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं. मी दुसरीकडं बघत राहिले, कारण तिच्याकडं बघितलं असतं तर मला हसू आलं असतं.

नव्या नकाशात ओळी नव्हत्या. एकच ओळ होती. भाताच्या खाचराचा बांध जसा डोंगराला धरून एकाच उंचीवर वळत जातो, तसा तिनं रस्ता काढला, आणि सगळी घरं त्या रस्त्याच्या एकाच अंगाला बसवली. सगळे उंबरे एका पातळीत. प्रत्येकाचं सांडपाणी आपापल्या परसात, भाजीला. डोंगरावरून येणारं पाणी घरांच्या मागच्या चरातून कडेच्या ओढ्याला. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. कॉलेजात याला दहापैकी चारच मार्क मिळाले असते, कारण अशानं जागा फार जाते. पण गायरान लांबट होतं, जागा होती.

वाडीला ते पसंत पडलं, पण घरं वाटताना गाडी अडली. अर्धी ओळ कदमांची, अर्धी मोऱ्यांची, हे ठरलं. मात्र शेवटचा कदम आणि पहिला मोरे, यांची भिंत लागणार होती. या दोन भावक्यांचं एका बांधावरून कोर्टात चाललेलं, बोलणं बंद. कदम म्हणाले, शेजारी मोरे नको. मोऱ्यांनी तेच सांगितलं. कुणीतरी म्हणालं, मध्ये पाण्याची टाकी घाला. सुजाता म्हणाली, टाकी उंचावर लागते. मग तिनं पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "मग मध्ये कोण राहणार?" आणि गप्प बसली. इतका वेळ गप्प बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. पडवीत कुणी तंबाखू मळत होतं, कुणी बाहेर बघत होतं... शेवटी धोंडूआबाच बोलले. "हिराबाईची दोन घरं घाला मदी. त्यांचं कुनाशीच वाकडं न्हाई."

कदमांनी मोऱ्यांकडं न बघता होकार दिला, मोऱ्यांनी कदमांकडं न बघता. हिराबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मंजी आता दोगांची भांडनं माज्या दारात आयकायची व्हय?" आणि सगळी पडवी हसली.

दुसरा कौल लावला तेव्हाही सुजाता पायरीशीच उभी होती. आबांनी आत गाऱ्हाणं घातलं, आई, तू वर ऱ्हा, आमी खाली जातो, सनावाराला येत ऱ्हाऊ. उजवी पाकळी पडली. परत येताना सुजाता स्कूटरवर माझ्या कानाशी ओरडून म्हणाली, "वैशे, मी देव मानत नाही. पण बाई समजूतदार आहे."

यात काही मोठी क्रांती झाली असं मी म्हणणार नाही, आणि तीही म्हणत नसे. मनं बदलली वगैरे काही नाही. एका बांधाच्या भांडणानं काम झालं. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "कारण कसलंही असू दे. जमीन कोरडी राहील ना?" मला वाटतं तिचा सगळा धंदा या एका वाक्यात होता. गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजनं तिला शेवटच्या वर्षाच्या मुलांशी करिअरवर बोलायला बोलावलं होतं. एका मुलानं पॅकेज काय मिळतं असं विचारलं. ती म्हणाली, "फार नाही. युरियाचा वास मात्र फुकट." मग जरा गंभीर होऊन म्हणाली, कुठंही नोकरी करा, पण पहिला नकाशा हातात आला की त्यात सगळ्यांत खालचं घर कुठलं आहे ते बघा, आणि ते कुणी काढलंय तेही.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा डोळे पिवळेजर्द झाले होते. मला बघून म्हणाली, "बघ, राहण्याचा रंग आला मला." असं बोलतं का कुणी? मी रागावले. ती डोळे मिटून म्हणाली, "नव्या वाडीमागचा चर साफ आहे का, एकदा बघून ये. पाऊस येईल." मी म्हटलं, तू बरी हो, दोघी जाऊ.

भोरच्या विहारात तिचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला, तेव्हा वाडीची माणसं टेम्पो करून आली होती. कदम आणि मोरे एकाच टेम्पोतून, एकमेकांशी न बोलता. धोंडूआबा टोपी हातात घेऊन मागं भिंतीशी बसले होते. हिराबाईंनी सुजाताच्या आईचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. मला ऑफिसात दुसऱ्या दिवशी जाववेना, तिसऱ्या दिवशीही. एकटीनं हे पुढं चालवायचं की पुण्याला परत जायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. अजून कधीकधी येत नाही.

मागच्या आठवड्यात चर बघायला गेले. वेल्ह्याच्या बसमधून उतरले तेव्हा झड लागली होती, लावणी उरकलेली, खाचरं तुडुंब. नवी वाडी धुक्यात होती. सगळ्या घरांना पावसाळ्यासाठी निळं प्लास्टिक बांधलेलं, त्यामुळं कुठलं कुणाचं काही कळेना. पहिल्याच घराच्या पडवीत एक नवी सून तांदूळ निवडत बसली होती, हातात अजून लग्नाचा चुडा. या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. जुनी वाडी तिनं पाहिलेली नाही, कोण कुठं राहायचं ते तिला ठाऊक असायचं कारण नाही, आणि मला तर ती ओळखतच नव्हती. मी हिराबाईंचं घर विचारलं.

"हिरामावशी व्हय?" सूप खाली न ठेवताच ती म्हणाली. "ह्याच रस्त्यानं जावा. मधलं घर."

आणि ती परत तांदूळ निवडायला लागली. मी तशीच उभी होते. हे सुजाताला लगेच सांगायला हवं म्हणून हात पर्समधल्या मोबाईलकडं गेलासुद्धा... मग लक्षात आलं. हात मागं घेतला, छत्री सावरली, आणि तिनं आखलेल्या त्या रस्त्यानं, डोंगराला धरून, मधल्या घराकडं चालू लागले.